डावा काठ

सकाळचे सात दहा. वडगावहून रिक्षात आडवा घालून आणलेला
भरमाण्णा, वय छप्पन्न, डावा हात ओल्या पोत्यासारखा.
“मला काय धाड भरलीया?” तो चिडतो, ओठ एकीकडे ओढलेला,
“आणि ह्यो कुणाचा हात ठेवलाय माझ्या अंगावर?”

स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही. म्हणजे गुठळी.
गुठळी विरघळवणारं औषध कपाटात आहे
आणि दार साडेचार तासांचं.
कधीपासून मोजायचे साडेचार, एवढंच कुणी सांगत नाही.

“शेवटचं धड कधी बघितलंत यांना?”
“दोनला च्या दिलो आणि झोपलो,” शांतव्वा म्हणते,
इकडच्या बायका म्हणतात तसं, झोपलो.
“सहाला उठलो तर माग बंद, आणि ह्ये खाली.”

दोन ते सात दहा. पाच तास दहा मिनिटं.
साक्षीदार झोपेत असेल तर झोपेआधीची वेळ धरावी,
असा नियम आहे, आणि तो शहाणपणाचाच आहे:
गेल्या मंगळवारी खानापूरच्या मास्तरांना मी हेच औषध दिलं,
वेळेत, वजन बघून, सगळं बरोबर,
आणि मध्यरात्री त्यांच्या डोक्यात रक्त उतरलं.
शंभरात पाच-सहा जणांना होतं असं. मास्तरांना मात्र पुरतं झालं.

महादेवी सिस्टर बीपीचा पट्टा सोडते, एकशे साठ, नव्वद.
हळूच विचारते, “माडोदा, बिडोदा?”
करायचं, की सोडायचं.

मी पेनाचं टोपण लावते तेव्हा शांतव्वा म्हणते,
“कापड बघा की.”

कापड?
“दोनला नवी साडी धरली हुती. ताशी दोन मीटर पडतंय.
कांडी सपली की बदलायला माणूस लागतोय,
माणूस नसंल तर माग गप.”
पोराला तिनं आधीच फोन लावलेला.
नागेश टेप शोधत नाही, कोपरानं मोजतो,
पलीकडून त्याचं मोजणं ऐकू येतं, सात, आठ,
नऊ हात.
मग थोडा वेळ काहीच नाही.
“आई, डाव्या काठाचे दोरे तुटल्यात. शेवटची वीतभर.
बाबांनी सांधलंच नाहीत.”

चाळीस वर्षं मागावर असलेल्या माणसानं
तुटला दोरा तसाच जाऊ दिला,
कारण डावी बाजू त्याच्यापुरती तेव्हाच संपली होती.
उजवा हात कांड्या बदलत राहिला, सात-आठ मिनिटं,
अर्ध्या जगात.

केसपेपरच्या मागे हिशेब केला.
नऊ हात म्हणजे चार मीटरला थोडं वर, त्यातली वीत वजा.
चारला चार कमी.
आता सात बावीस.

वजन? वॉर्डातला काटा बंद.
“अठ्ठावन,” शांतव्वा म्हणते. “सुताच्या काट्यावर चढलं हुतं परवा, चेष्टेनं.”
बावन्न मिलिग्रॅम. बाटली पन्नासची.
वरच्या दोनासाठी दुसरी फोडली.
फॉर्म कन्नडमध्ये; सिस्टरनं वाचून दाखवला, रक्ताचं वाक्य दोनदा.
सही मराठीत झाली, ‘शांता’ एवढीच, ‘व्वा’ला जागा पुरली नाही.
पाच मिलिग्रॅम एकदम, बाकी तासभर, थेंबाथेंबानं.
तो तास मी मास्तरांच्या खाटेकडे पाठ करून उभी होते.

वेळेच्या रकान्यात मी लिहिलं, तीन छप्पन्न.
‘कोणी सांगितली’ इथं लिहिलं, कापड.
दुपारच्या राउंडला सरांनी त्याखाली लाल रेघ ओढली,
काही बोलले नाहीत. उद्या बोलतील.

हात अजून जड आहे. बोटं हलतात, अंगठा नाही.
पण चारच्या सुमाराला भरमाण्णानं मान वळवली,
डावीकडे, जिथं ती सकाळपासून
एकाच पायावर भार देऊन उभी होती,
आणि विचारलं, “तू कवा आलीस गं?”

“आत्ताच की,” शांतव्वा म्हणाली. “आत्ताच आलो.”